गोली मुलाचा मिळवायचा राहिलेला हात

पत्र (थोडं कमी करून): मॅडम, आम्ही बरीच वर्षं मॅसॅच्युसेट्समध्ये आहोत. मुलगा २१ वर्षांचा आहे, मेकॅनिकलच्या सेकंड इयरला, कॉलेजच्या डिव्हिजन वन (कॉलेज खेळातली सगळ्यात वरची पातळी) आइस हॉकी टीममध्ये गोलकीपर, म्हणजे इथल्या भाषेत गोली, थोडी स्कॉलरशिप पण आहे. मार्चमध्ये प्लेऑफची तीन मॅचची सिरीज होती. पहिली जिंकले, दुसरी हरले, तिसरी दुसऱ्या ओव्हरटाइमला गेली. समोरचा फॉरवर्ड याच्या अंगावर पडला आणि पक आत गेला. रेफरींनी व्हिडिओ बघितला आणि आमच्याच डिफेन्समनने त्याला ढकललं म्हणून गोल दिला. मुलाने स्टिक पोस्टवर आपटून मोडली आणि शेवटी दोन्ही टीमची हात मिळवायची रांग लागते ती लागायच्या आत सरळ लॉकररूममध्ये निघून गेला. समोरचा गोली रांगेच्या शेवटी त्याची वाट बघत थांबला होता, ते आम्ही वरून बघितलं. आता मुलगा म्हणतो मला दुसऱ्या कॉलेजात जायचंय, हे म्हणतात हॉकी बंद आणि इंटर्नशिप बघ. शिवाय सकाळी जिना उतरताना त्याच्या जांघेत दुखतं, पण तो कुणाला सांगत नाही. काय करावं?

ताई, नमस्कार.

तुमचं पत्र दोन दिवस टेबलावर होतं, कारण तुम्ही विचारलंय करिअरचं आणि मला पुन्हा पुन्हा दिसत होता तो रांगेच्या शेवटी थांबलेला दुसरा मुलगा. मी काही वर्षं अमेरिकेत एका कॉलेजच्या करिअर ऑफिसात काम केलंय, गाव बर्फाचं, हिवाळ्यात संध्याकाळी जायला दुसरी जागाच नाही, त्यामुळे रिंकवर, म्हणजे बर्फाच्या मैदानावर, बसून बसून हा खेळ मला कळायला लागला आणि त्यातल्या त्यात गोली लोकांचा जीव कसा टांगणीला असतो ते फार जवळून बघितलं.

आपल्याकडच्या वाचकांसाठी थोडं सांगते, कारण हॉकी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे मैदानावरची येते. इथे गोल सहा फूट रुंद आणि चार फूट उंच, पक म्हणजे एक इंच जाडीची टणक रबराची चकती, वजन साधारण १७० ग्रॅम, आणि गोलीसमोर जो निळं अर्धवर्तुळ रंगवलेलं असतं त्याला क्रीजच म्हणतात, आपल्या क्रिकेटसारखं. प्लेऑफमध्ये बरोबरी झाली की वीस-वीस मिनिटांचे ओव्हरटाइम, आणि पहिला गोल झाला की त्या क्षणी मॅच संपली. म्हणजे बाकी कुणाची चूक झाली तर ती झाकायला मागे कुणीतरी असतं, गोलीची चूक झाली की मागे फक्त जाळी. त्यातून कॉलेजच्या रिंकमध्ये गोल झाला की विद्यार्थी त्याच्याकडे बोटं दाखवून ओरडतात, चाळणी, चाळणी! वीस-एकवीस वर्षांचं पोर ते सगळं ऐकत पाठमोरं उभं असतं, जाळीवर ठेवलेल्या बाटलीतून एक घोट पाणी पितं, कोपऱ्यापर्यंत एक चक्कर मारून येतं आणि परत खाली वाकून उभं राहतं. हे तुमचा मुलगा वर्षानुवर्षं करतोय. त्या रात्री एकदा त्याला ते जमलं नाही.

गोलचं आधी बोलूया. रेफरींनी नियमाने बरोबर दिलाय असंच तुमच्या वर्णनावरून वाटतं, डिफेन्समनने ढकलल्यामुळे फॉरवर्ड गोलीवर पडला तर तो दोष फॉरवर्डचा धरत नाहीत. मुलाला अजूनही तो अन्याय वाटत असेल, वाटू दे, त्यावर वाद घालू नका. पण मला एक विचारायचंय, त्या डिफेन्समनशी तो बोललाय का? त्या मुलाने कुणीतरी गोलीवर पडू नये म्हणूनच धक्का दिला असणार ना, आणि त्याच धक्क्याने सिरीज गेली. तो आज कुठल्या खोलीत एकटा बसला असेल याचा विचार तुमच्या मुलाच्या मनात अजून आला नसेल तर तो आणून द्यायला हवा. मी बघितलेले चांगले गोली गोल खाल्ल्यावर सगळ्यात आधी आपल्या डिफेन्समनच्या पायावरच्या पॅडला स्टिकने टपली मारायचे, बोलायचे काही नाहीत, फक्त टपली, म्हणजे असू दे, पुढचं बघू. मला वाटतं अडवलेल्या शॉटइतकंच ते महत्त्वाचं असतं.

आता एक खरी मॅच सांगते, त्यालाही वाचून दाखवा. ६ मार्च २०१५, हॉकी ईस्ट या कॉन्फरन्सची, म्हणजे कॉलेजांच्या गटाची, प्लेऑफची पहिली फेरी, तीन मॅचचीच सिरीज, नोटर डेमच्या रिंकवर युनिव्हर्सिटी ऑफ मॅसॅच्युसेट्सची टीम आलेली. पहिली मॅच पाचव्या ओव्हरटाइममध्ये संपली. खेळाची एकूण १५१ मिनिटं ४२ सेकंद, म्हणजे नेहमीच्या साठ मिनिटांच्या अडीच मॅच एका रात्रीत, एनसीएएच्या (अमेरिकेतल्या कॉलेज खेळांची संघटना) इतिहासातली तोवरची सगळ्यात लांब मॅच. मॅसॅच्युसेट्सचा गोली स्टीव्ह मॅस्टलर्झ, त्याने ७५ शॉट अडवले आणि तो जिंकला, ४-३. नोटर डेमचा कॅल पीटरसन तेव्हा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होता, त्याने ८७ अडवले, तो एनसीएएचा विक्रम ठरला, आणि तो हरला. मला या मॅचमधलं हेच सगळ्यात मोठं वाटतं, विक्रम हरणाऱ्याच्या नावावर लागला. पुढच्या दोन्ही मॅच घेऊन नोटर डेमने सिरीज काढली, आणि पीटरसन पुढे एनएचएलमध्ये, म्हणजे अमेरिका-कॅनडाच्या मोठ्या व्यावसायिक लीगमध्ये, लॉस एंजेलिस किंग्जकडून खेळला. ८७ शॉट अडवूनही ९१वा आत जातो, चार गेले ना, आणि तो शेवटचा गेला म्हणून आधीचे ८७ कुणी पुसून टाकत नाही. तुमच्या मुलाने त्या तिसऱ्या मॅचमध्ये किती अडवले ते तुम्ही लिहिलंच नाहीत ताई, आणि मला वाटतं घरात कुणी त्याला विचारलंही नसेल. विचारा.

पण कौतुक करून विषय संपवू नका, कारण चूक झालीय आणि ती स्टिक मोडण्याची नाही, स्टिक नवी येते. चूक रांगेची आहे. कॉलेज हॉकीत मारामारी केली तर मॅचमधून बाहेर आणि पुढच्या मॅचलाही बंदी, इतका कडक नियम आहे, पण हात मिळवायला थांबलंच पाहिजे असा धाक दाखवून ती रांग चालत नाही, ती मुलांनीच जपलीय. तीन दिवस एकमेकांना रिंकभोवतीच्या बोर्डवर दाबून, स्टिकचे टोले खाऊन, शेवटी प्रत्येकाचा हात हातात घ्यायचा. आणि दोन गोली समोरासमोर आले की बहुतेक वेळा नुसता हात मिळवत नाहीत, मिठी मारतात, कारण त्या रिंकवर दुसऱ्याला काय झालंय ते फक्त त्या दोघांनाच कळलेलं असतं. समोरचा मुलगा त्यासाठीच थांबला होता, तुमच्या मुलाला हिणवायला नाही.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे, हॉकी सोडायची का, कॉलेज बदलायचं का, इंटर्नशिप करायची का, यातलं काहीही ठरवायच्या आधी तो राहिलेला हात मिळवून यायचा. नाहीतर जे ठरवाल ते त्या रात्रीपासून पळण्यासाठी ठरवलेलं असेल, आणि तसा निर्णय चांगला निघाला तरी टोचत राहतो.

हे आता थेट मुलाला लिहिते.

बाळा, आधी कोचकडे स्वतःहून जा, त्यांनी बोलवायची वाट बघू नकोस. मग त्या डिफेन्समनला कॉफी प्यायला घेऊन जा, त्याला फोनवर मेसेज नको, समोर बस. आणि त्या गोलीला चार ओळी लिही, त्यात रेफरीचं नाव नको, व्हिडिओचं नाव नको, मी फार दमलो होतो हेही नको, फक्त एवढंच की हात मिळवायला थांबलो नाही ते चुकलं, तू सिरीज मस्त खेळलास, पुढच्या मॅचसाठी शुभेच्छा. उत्तर आलं तर छान, नाही आलं तरी ठीक, तुझं काम झालं.

आता कॉलेज बदलण्याचं. डिव्हिजन वनमध्ये पुरुषांच्या साठेक टीम आहेत, प्रत्येकीत साधारण तीन गोली, आणि उभा एकच राहतो. फॉरवर्डला चौथ्या लाइनवर, म्हणजे आलटून पालटून उतरणाऱ्या शेवटच्या तुकडीत, तरी जागा मिळते, गोलीला दोन नंबरवर गेलं की अख्खा सीझन बाकावर. त्यात २०२५-२६ पासून कॅनडाच्या मेजर ज्युनियर, म्हणजे तरुण खेळाडूंच्या वरच्या, लीगमधल्या मुलांनाही कॉलेज हॉकीचं दार उघडलंय, म्हणजे तुझ्या जागेसाठी तयार गोली आणखी वाढले. ट्रान्सफर पोर्टलमध्ये, म्हणजे कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंच्या यादीत, नाव टाकलं की आत्ताच्या कॉलेजला तुझी पुढची स्कॉलरशिप काढून घेता येते, त्यामुळे तिथल्या कम्प्लायन्स ऑफिसकडून (खेळाचे नियम बघणारं ऑफिस) सगळं लेखी घेतल्याशिवाय कुठलंही बटण दाबू नकोस. शिवाय मेकॅनिकलचे किती क्रेडिट दुसरीकडे धरतील ते डिपार्टमेंटला विचार, दोन वर्षांची लॅब आणि मॅथ्स परत करायला लागली तर ते फार महागात पडेल. आणि नवा कोच जुन्या कोचला फोन करणारच. त्या फोनवर, तो चिडून गेला होता पण नंतर स्वतःहून आला, हे सांगितलं जाणं आणि न सांगितलं जाणं यात खूप फरक आहे. हे सगळं करूनही तुला जावंसं वाटलं तर जा, मी अडवणार नाही.

ताई, मुलाच्या बाबांचंही म्हणणं मी उडवून लावत नाही. एनएचएलच्या ३२ टीम, प्रत्येकी दोन गोली, म्हणजे अख्ख्या जगासाठी ६४ जागा. कॉनर हेलेबक मॅसॅच्युसेट्स-लोवेल युनिव्हर्सिटीतून गेला, जेरेमी स्वेमन मेन युनिव्हर्सिटीतून गेला, हे खरं, पण त्या नावांवर घर चालवायचं स्वप्न बघू नये. डिग्री हेच मुख्य, यात मी बाबांच्या बाजूने आहे. पण डिग्रीसाठी हॉकी आज बंद, हे मला पटत नाही. केन ड्रायडन या गोलीचं बघा. १९६४ मध्ये एनएचएलच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे टीम नवे खेळाडू निवडतात त्यात, निवड होऊनही तो कॉर्नेलला शिकायला गेला, १९६७ मध्ये तिथे एनसीएएचं विजेतेपद मिळवलं, मग मॉन्ट्रियलकडून खेळता खेळता मॅकगिलमधून वकिलीची डिग्री घेतली, ऐन भरात असताना १९७३-७४ चा अख्खा सीझन बाजूला ठेवून टोरांटोच्या लॉ फर्ममध्ये उमेदवारी केली, परत येऊन पुन्हा खेळला, एनएचएलच्या विजेत्याचा स्टॅनले कप सहा वेळा, आणि पुढे कॅनडाचा मंत्री झाला. प्रत्येक जण ड्रायडन होत नाही हे मलाही माहीत आहे, पण गोलपोस्ट आणि पुस्तक एकत्र चालतात एवढं यातून घ्या.

आणि मेकॅनिकलचा गोली म्हणजे नुसता खेळाडू नाही हो. अँगल कापायला किती पुढे यायचं, पक पॅडला लागून कुठे उडेल, समोर चार जण आडवे असताना शॉट कुठून सुटला ते खांद्यावरून ओळखायचं, हे सगळं तो शरीराने सोडवतोय. पॅड-मास्क बनवणाऱ्या कंपन्यांना आघात आणि मटेरियल समजणारे इंजिनियर लागतात, आणि ज्याने स्वतः ते घालून मार खाल्लाय असा इंजिनियर त्यांना शोधून मिळत नाही. या उन्हाळ्यात त्याने तशा दोन-चार ठिकाणी इंटर्नशिपचे अर्ज टाकावेत, शनिवार-रविवार एखाद्या कॅम्पमध्ये लहान गोलींना शिकवावं, त्यातून पैसेही मिळतात आणि दहा वर्षांच्या पोराला, गोल गेला तर काय करायचं, हे सांगताना आपल्यालाही आठवतं. आमच्या ऑफिसात एक गोली आला होता, रेझ्युमेवर शेवटच्या ओळीत नुसतं हॉकी असं लिहिलेलं, मी त्याला विचारत गेले तेव्हा कळलं की टीम बसमध्ये बसून हा तीन ज्युनियर मुलांचा थर्मोडायनॅमिक्स करून घ्यायचा. ते आम्ही पहिल्या पानावर घेतलं. तुमच्या मुलाकडेही असं काहीतरी असणार, विचारून काढा.

शेवटचं, आणि हे मात्र या आठवड्यातच. जांघेतलं दुखणं अंगावर काढू नका. आजचे गोली गुडघे आत वळवून बर्फावर टेकतात, बटरफ्लाय म्हणतात त्याला, एका प्रॅक्टिसमध्ये असं किती वेळा खाली-वर होतं याची गणतीच नाही, आणि त्याने खुब्याच्या सांध्यावर फार ताण येतो, हाडावर हाड घासून आतली कड फाटणं हे गोलींमध्ये नेहमी दिसतं. जागा जाईल या भीतीने मुलं लपवतात. त्याला सांगा, टीमच्या अ‍ॅथलेटिक ट्रेनरला आधी दाखव, मग खुब्याच्या ऑर्थोपेडिक डॉक्टरची वेळ घे, ते म्हणाले तर एमआरआय कर, आणि तोपर्यंत उन्हाळ्याचं ट्रेनिंग सुरू करायचं नाही. रिपोर्ट आला की मला लिहा, त्यात काय निघतं त्यावर पुढच्या सीझनचं बोलू.