‘तमारा नेता’ कोणाचे?

बडोद्याहून एक निवृत्त शिक्षक लिहितात: ‘आमच्या चार पिढ्या दांडिया बाजारात गेल्या, आता मी कारेलीबागेत राहतो. सोसायटीच्या बैठकीत पुरावरून राज्यकर्त्यांवर टीका केली, तेव्हा शेजारी म्हणाले, “तो महाराष्ट्र जता रहो.” कोणीही त्यांना अडवले नाही. माझ्याच देशात मला परका म्हणणाऱ्यास काय उत्तर द्यावे?’

सप्रेम नमस्कार.

तुमच्या चार पानी पत्रातील जवळजवळ तीन पाने पूर्वजांवर खर्च झाली आहेत. ती मी वाचून बाजूला ठेवली. पणजोबांची संस्थानातील नोकरी पुढे करणे म्हणजे बोलण्याचा हक्क वंशावळीवरून ठरतो, हे शेजाऱ्यांचेच म्हणणे मान्य करणे होय. मग परवा बिहारहून मकरपुऱ्याच्या कारखान्यात आलेल्या आणि त्याच पाण्यात बिछाना भिजलेल्या मुलाने गप्प बसावे काय? आपल्या घटनेत नागरिकत्व एकच आहे, बोलण्याचे आणि देशात कोठेही स्थायिक होण्याचे स्वातंत्र्य कलम १९ मध्ये आहे, आणि मतदारयादीत नाव लागते ते राहत्या ठिकाणावरून, मातृभाषेवरून नव्हे. शेजारी चुकले. तो विषय संपला.

मला अडवले ते तिसऱ्या पानाच्या समासातील एका ओळीने. बैठकीतले स्वतःचे वाक्य तुम्ही तेथे सहज लिहून गेलात: ‘तमारा नेताओए शहेर डुबाड्युं.’ तमारा, म्हणजे तुमच्या! ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदी ३५ फुटांच्या वर गेली, तेव्हा पाणी तुमच्याही स्वयंपाकघरात शिरले होते ना? मग नेते तेवढे शेजाऱ्यांचे कसे? मराठीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ वेगळे, तसेच गुजरातीत ‘अमे’ आणि ‘आपणे’ वेगळे. एक शब्द ऐकणाऱ्याला बाहेर ठेवतो, दुसरा आत घेतो. जन्मभर ती भाषा बोलणाऱ्या आणि वर्गात व्याकरण शिकवणाऱ्या माणसाची जीभ येथे चुकून घसरली, असे मी मानणार नाही. पत्रात सयाजीराव मात्र ‘आपले महाराज’ आहेत. नाशिककडच्या कवळाण्याहून १८७५ साली दत्तक आलेल्या त्या मुलाने पुढे १९०६ मध्ये संस्थानभर सक्तीचे प्राथमिक शिक्षण सुरू केले, त्याचा अभिमान आपला आणि तुंबलेले नाले त्यांचे, अशी सोयीची वाटणी आपण मराठी बडोदेकर फार वर्षे करत आलो आहोत. (माझ्या माहेरीही हेच चालत असे, म्हणून ती मला लगेच ओळखू येते.) शेजाऱ्यांनी तुम्हाला उंबऱ्याबाहेर काढले खरे, पण तुम्ही तेथे आधीच जाऊन उभे होतात.

पुढच्या बैठकीत तेच वाक्य पुन्हा म्हणा, फक्त ‘आपणा नेताओए’ असे म्हणा. आरोप एकही गाळू नका, आवाजही खाली आणू नका. नगरसेवकांना द्यायचा नाल्याचा अर्ज सोबत लिहून न्या आणि पहिली सही त्या शेजाऱ्यांकडेच मागा. त्यांचीही स्कूटर पाण्यात गेली होती, हे तुम्हीच लिहिले आहे.