पटावरचे प्रश्न

प्रश्न : तालुका बुद्धिबळ स्पर्धेच्या तयारीसाठी आम्ही मुलांकडून कास्पारोव्ह–ओकेसन हा १९८०चा डाव करून घेतोय. पांढऱ्याने सुरुवातीलाच ए३ का खेळावे? आणि काळ्याने किल्लेकोट सोडून एच६ का केले?
– एक शिक्षक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर : सर, निवड उत्तम आहे. डॉर्टमुंडच्या जागतिक ज्युनियर स्पर्धेतला हा डाव. पांढऱ्या मोहऱ्यांनी खेळणाऱ्या सतरा वर्षांच्या कास्पारोव्हने तो डावही जिंकला आणि स्पर्धाही.

ओपनिंग, म्हणजे डावाची सुरुवात, क्वीन्स इंडियन. डी४, सी४ आणि घोडा एफ३ यांना काळा उत्तर देतो : घोडा एफ६, ई६, बी६, मग उंट बी७वर. सगळा डोळा ई४वर. तिथे प्यादे नेण्यासाठी पांढरा घोडा सी३वर आणतो, तेव्हा काळ्याचा दुसरा उंट बी४वर येऊन त्याला जखडतो. ए३ने ते घर बंद होते. मग काळ्याने डी५ करावेच. उंट ई७ खेळून वेळ घालवला तर पांढराच डी५ करतो आणि बी७चा उंट कोंडला जातो.

आता एच६. बाराव्या चालीला पांढऱ्याचा वजीर सी२वर, उंट डी३वर. त्यांच्या आणि एच७च्या मध्ये फक्त ई४चे प्यादे. मुलांसमोर ते उचलून दाखवा, लगेच समजेल. काळ्याने किल्लेकोट केला, की डी५, दोनदा मारामारी, उंट डी५ घेतो आणि पांढरा उंट शह देत एच७ खातो. एच६ने ते टळले, पण राजा ई८वरच राहिला. शिक्षा तिथेच झाली (x म्हणजे मारणे, + म्हणजे शह, ! म्हणजे उत्तम चाल) : १३. हत्ती डी१ वजीर सी७ १४. डी५! ईxडी५ १५. ईxडी५ उंटxडी५ १६. उंट बी५ ए६ १७. उंट एफ४!

ए६ दिसले, की मुलांचा हात बी५च्या उंटाकडे जातो. तो हलवायचा नाही. वजिराने एफ४ खाल्ला तर १८. उंटxडी७+ राजाxडी७ १९. हत्तीxडी५+. मोहरी सारखी, काळ्याचे एक प्यादे जास्तच; पण राजा सी७वर उघडा आणि पुढच्या चालीला दुसरा हत्ती ई१वर. पाठांतर नको. तेराव्या चालीनंतरची स्थिती मांडा आणि दहा मिनिटे विचार करू द्या.

प्रश्न : ज्युनियर जगज्जेतेपद आपल्याकडे आले आहे का?
– एक विद्यार्थिनी, जि. वाशीम

उत्तर : हो. नागपूरच्या दिव्या देशमुखने २०२४मध्ये गांधीनगरला मुलींचे जेतेपद ११पैकी १० गुणांनी मिळवले. भारताचे पहिले मात्र विश्वनाथन आनंदचे, बागियो (फिलिपिन्स), १९८७.