एडी नुसता उंच आहे का?

प्रश्न: नमस्कार. आम्ही सांगलीत विश्रामबागला राहतो. मुलगा अकरावीत आहे, उंची सहा फूट चार इंच, कॉलेजच्या बास्केटबॉल टीममधे सेंटर, म्हणजे बास्केटजवळ खेळणारा उंच गडी, म्हणून खेळतो. पर्ड्यू युनिव्हर्सिटीच्या झॅक एडीचं त्याला भलतंच वेड आहे, 2024च्या जूनमधल्या ड्राफ्टमधे (एनबीए या अमेरिकेतल्या प्रोफेशनल लीगच्या टीम नवे खेळाडू निवडतात तो) मेम्फिस ग्रिझलीजने एडीला नवव्या नंबरला घेतलं तेव्हापासून घरात दुसरा विषयच नाही. पण ग्राउंडवरची पोरं म्हणतात तो नुसता उंच आहे, एनबीएत असल्या सेंटरचा जमाना गेला. खरं काय समजायचं? आणि आमच्या मुलाने त्याच्याकडून काय उचलावं, काय सोडावं?
– एक पालक, सांगली

उत्तर: नमस्कार. ‘नुसता उंच’ हे मला अजिबात पटत नाही. उंच तो आहेच, सात फूट चार इंच, वजन 135 किलोच्या घरात, जागेवर उभं राहून हात वर केला की बोटं आणि रिंग यांच्यात वीतभरही अंतर उरत नाही. पण अमेरिकेतल्या कॉलेजांत सात फुटी पोरं बरीच असतात, त्यातली किती जण सीझनभर सरासरी 25 पॉइंट आणि 12 रिबाउंड (चुकलेल्या शॉटचा बॉल पकडणं) काढतात? 2023 आणि 2024 अशी लागोपाठ दोन वर्षं तो देशातला बेस्ट कॉलेज प्लेअर ठरला, हे 1980च्या दशकातल्या राल्फ सॅम्पसननंतर कुणालाच जमलेलं नव्हतं. आणि हा टोरांटोचा मुलगा लहानपणी आइस हॉकी नि बेसबॉल खेळायचा, बास्केटबॉलकडे वळला तोच दहावीच्या आसपास, म्हणजे जे काही शिकला ते सहा-सात वर्षांतच शिकलाय.

मुलाला सांगा, एडीची मॅच लावलीस की बॉलकडे बघू नको, त्याच्या पायांकडे बघ. बॉल अजून वर गार्डच्या, म्हणजे बॉल पुढे आणणाऱ्या छोट्या चपळ खेळाडूच्या, हातात असतो तेव्हाच हा पळत येऊन डिफेंडरच्या पुढे घुसतो, पाय फाकवून खाली बसतो, कंबर आणि पाठ लावून त्याला मागं दाबून धरतो आणि हात वर करून पास मागतो. तालमीत पैलवान आधी ताबा घेतो नि मग डाव टाकतो, तसंच हे, निम्मं काम पास यायच्या आधीच झालेलं असतं. पास आला की बॉल छातीखाली आणतच नाही, त्यामुळे छोट्या गार्डला खालून हात मारायला काही मिळत नाही, मग डाव्या खांद्यावरून वळायचं आणि उजव्या हाताने हुक, म्हणजे डोक्यावरून कमानीसारखा टाकलेला शॉट, नाहीतर समोरच्याचा फाउल. 2023-24च्या सीझनला मॅचमागे साधारण 11 फ्री थ्रो मिळवले त्याने आणि 71 टक्के घातले, एवढ्या मोठ्या माणसाला हे सोपं नाही हो.

आता उणी बाजू. 2024च्या गुढीपाडव्याला सकाळी ज्यांनी कॉलेजची फायनल बघितली त्यांना ती दिसली असेल. पर्ड्यू 60, यूकॉन (कनेक्टिकट युनिव्हर्सिटी) 75. एडीचे एकट्याचे 37, तरी टीम हरली. यूकॉनने त्याला बहुतेक वेळ त्यांचा सेंटर डॉनोव्हन क्लिंगन याच्या एकट्याच्या अंगावर सोडून दिलं, तू घाल काय पॉइंट घालायचेत ते, आम्ही डबल टीमला, म्हणजे दोघं मिळून अडवायला, येणार नाही, पण तुमच्या शूटर्सना बाहेर श्वास घेऊ देणार नाही. पर्ड्यूला अख्ख्या मॅचमधे तीन पॉइंटचे शॉट मारता आले सात, पडला एक. एडी स्वतः कॉलेजमधे बाहेरून टाकत नव्हता, चार वर्षांत त्याचा एकच थ्री पडला, त्यामुळे आत त्याच्याभोवती गर्दी असली तर ती उठवायला दुसरं कुणीतरी लागतं.

डिफेन्स ही त्याहून मोठी काळजी, आणि ती नियमातून येते. कॉलेजमधे डिफेंडरने पेंटमधे, म्हणजे बास्केटखालच्या आखलेल्या चौकटीत, तळ ठोकला तरी चालतं, एनबीएत हाताच्या अंतरावर आपला माणूस नसेल तर तीन सेकंदांत बाहेर पडावं लागतं, नाहीतर समोरच्याला फुकट फ्री थ्रो. त्यात तिथला पेंट 16 फूट रुंद, कॉलेजचा 12, आणि थ्रीची लाइन वरच्या बाजूला 7.24 मीटरवर, कॉलेजमधे 6.75. एवढी जागा वाढली की पिक अँड रोलमधे चपळ गार्ड स्क्रीनवरून (साथीदाराने डिफेंडरच्या वाटेत उभं राहून केलेल्या आडोशावरून) सुटून येतो तेव्हा एडी पुढे गेला तर मागे लॉब, म्हणजे डोक्यावरून उंच पास, पडणार, मागे राहिला तर गार्ड तिथल्या तिथे शॉट मारणार. आडवं सरकण्यात तो स्लो आहे हे मान्यच करायला पाहिजे, आणि ड्राफ्टच्या वेळीच वय 22, म्हणजे 19 वर्षांच्या पोरांसारखा भरपूर वेळही नव्हता.

तरी मला वाटतं तो चालेल, कारण टीम बरोबर मिळालीय. स्टीव्हन अ‍ॅडम्स ह्यूस्टनला गेल्यापासून मेम्फिसकडे दणकट स्क्रीन लावणारा, रिबाउंड ओढणारा माणूस नव्हता. 2024च्या त्या टीममधला जॅरन जॅक्सन ज्युनिअर 2023चा बेस्ट डिफेंडर, बाहेर धावून कव्हर करायचा, थ्रीही मारायचा, पण रिबाउंडला कमी पडायचा, म्हणजे एकाची उणीव दुसरा भरणार. आणि तेव्हाच्या मेम्फिसच्या जा मोरँटसारख्या गार्डला एडीचा स्क्रीन मिळाला की त्याच्यामागचा डिफेंडर अडकलाच म्हणून समजा. 48 मिनिटं खेळवायची गरज नाही, 25 मिनिटं नीट वापरला तरी टीमला पुष्कळ फायदा होईल.

आता तुमचा मुलगा. जागा पकडणं, बॉल वर ठेवणं, फ्री थ्रो, हे तिन्ही डोळे झाकून उचलू दे, याला उंची लागत नाही. पण सहा फूट चार इंच म्हणजे जिल्ह्यात सेंटर असला तरी पुढे गेला की त्याला फॉरवर्डच, म्हणजे बास्केटपासून लांबही खेळणारा, व्हावं लागणार, तेव्हा नुसतं बास्केटखाली उभं राहणं सोडायला सांगा. आपल्याकडे फिबाचे, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल संघटनेचे नियम, त्यात डिफेन्सला तीन सेकंदांचं बंधन नाही, म्हणून पेंटमधे थांबून ब्लॉक मिळत राहतात आणि पाय हलत नाहीत हे वर्षानुवर्षं लक्षातच येत नाही. कोचशी बोला, रोज प्रॅक्टिस संपल्यावर टीममधल्या सगळ्यात चपळ गार्डला त्याने वन ऑन वन अडवायचं, हात पाठीमागे बांधून, नुसत्या पायांवर. महिनाभर गार्ड सहज सुटून जाईल, जाऊ दे, त्याच्यासाठी सेंटर बदलू नका. आणि फ्री थ्रो लाइनच्या कोपऱ्यावरून शॉट आत्तापासून सुरू करा, तो बसला की मगच थ्रीच्या लाइनकडे सरकायचं.