वाचकांचे प्रश्न : रात्रपाळी आणि जॅझ पियानो

प्रश्न : मी एका मराठी दैनिकात उपसंपादक आहे आणि बहुतेक दिवस माझी रात्रपाळी असते. लहानपणी हार्मोनियम शिकले, महाविद्यालयात असताना पियानोकडे वळले आणि आता जॅझ बऱ्यापैकी वाजवते. अलीकडे एका ट्रायोकडून (तीन वादकांच्या संचाकडून) शुक्रवार-शनिवारच्या कार्यक्रमांसाठी विचारणा होऊ लागली आहे. घरचे म्हणतात की दोन दगडांवर पाय ठेवू नये. संगीतातले स्नेही म्हणतात, नोकरीच सोडून दे. दोन्ही टिकवणे शक्य आहे का? आजवर कोणी टिकवले आहे का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : आधी तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर देतो, कारण त्यातच पहिल्याचे उत्तर बरेचसे सापडते. दोन्ही टिकवणारी माणसे होऊन गेली आहेत. मात्र त्यांचे दाखले देताना त्यांनी कोणते काम आधी पक्के केले होते, हे सांगायचे बहुधा राहून जाते. अमेरिकी पियानोवादक बिली टेलर १९८१ पासून ‘सीबीएस संडे मॉर्निंग’ या दूरचित्रवाणी कार्यक्रमाचे कलाविषयक वार्ताहर होते आणि संगीतकार क्विन्सी जोन्स यांच्यावरील वृत्तांतासाठी त्यांना एमी पुरस्कारही मिळाला. परंतु त्या वेळी त्यांनी साठी गाठली होती आणि न्यूयॉर्कच्या बर्डलँड क्लबमध्ये मोठमोठ्या वादकांना साथ करून त्यांचे नाव कधीच झाले होते. मरियन मॅकपार्टलँड यांचेही तसेच. इंग्लंडमध्ये जन्मलेल्या या पियानोवादक १९५२ पासून न्यूयॉर्कच्या ‘हिकरी हाउस’मध्ये आपला ट्रायो घेऊन वाजवत होत्या, ‘डाउनबीट’सारख्या जॅझविषयक मासिकांत अधूनमधून लिहीत होत्या, आणि १९७० च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी अमेरिकेच्या सार्वजनिक रेडिओवर ‘पियानो जॅझ’ हा मुलाखतींचा कार्यक्रम सुरू केला, जो पुढे तीस वर्षांहून अधिक काळ चालला. स्टुडिओत दोन पियानो असत. एकावर पाहुणा, दुसऱ्यावर त्या स्वतः. जॅझ पियानोवादक बिल इव्हान्स यांच्याशी झालेली मुलाखत मिळवून अवश्य ऐका. उत्तर शब्दांत सापडेनासे झाले की इव्हान्स ते वाजवून दाखवतात, आणि मॅकपार्टलँड यांचा पुढचा प्रश्न त्या वाजवण्यातूनच निघतो. पियानो न वाजवणाऱ्या मुलाखतकाराला तो प्रश्न सुचलाच नसता.

उलट क्रमाचे उदाहरण लेनर्ड फेदर यांचे. लंडनमध्ये १९१४ साली जन्मलेले फेदर पियानो वाजवत, गाणी रचत, ध्वनिमुद्रणेही घडवून आणत. पण त्यांची ओळख उरली ती समीक्षक म्हणून, १९५५ साली प्रसिद्ध झालेल्या जॅझकोशाचे कर्ते आणि ‘लॉस एंजेलिस टाइम्स’चे लेखक म्हणून. पियानोवादक फेदर आज फारसे कोणाच्या लक्षात नाहीत. मला वाटते, हा योगायोग नव्हे. वाजवणाऱ्याला लिहायला बोलावले जाते, लिहिणाऱ्याला वाजवायला सहसा कोणी बोलावत नाही. तुमचा क्रम फेदर यांचा आहे आणि ओढ टेलर यांच्यासारखी, म्हणून यापुढची काही वर्षे तोल पियानोच्या बाजूला मुद्दाम झुकता ठेवावा लागेल. दोन्हींना निम्मा-निम्मा वेळ द्यायचा बेत मला कागदावरच शोभणारा वाटतो.

याचा अर्थ राजीनामा द्यावा, असा नाही. आपल्या शहरांत केवळ जॅझवर घर चालवणारे वादक थोडे. बहुतेकांना शिकवण्या, जाहिरातींची जिंगल्स आणि लग्नसमारंभ यांचा आधार घ्यावा लागतो, आणि त्यातही संध्याकाळी खर्ची पडतातच. तुमची खरी अडचण पाळीची आहे. शहर आवृत्तीचे शेवटचे पान ज्या वेळी सुटते, त्याच वेळी कार्यक्रमाचा दुसरा सेट, म्हणजे मध्यंतरानंतरचा भाग, रंगात आलेला असतो. तेव्हा पगारवाढ मागण्याआधी पाळीतला बदल मागा. रविवार पुरवणी, संपादकीय पान किंवा दिवसपाळीचा डेस्क या जागा बढतीच्या दृष्टीने कमी झगमगीत असतील, परंतु संध्याकाळ मोकळी ठेवतात. तेही जमले नाही, तर साप्ताहिक सुट्टी शनिवारी मागून घ्या आणि शुक्रवारचा कार्यक्रम सरळ नाकारा. ज्या वादकाची खात्री नाही त्याला बँडमध्ये दुसऱ्यांदा फोन येत नाही; नेमाने एकच दिवस देणाऱ्याला येतो. मोठ्या हॉटेलांत रविवारी दुपारी ब्रंचच्या वेळी वादन असते, त्याकडेही हलके म्हणून पाहू नका. तिथे लोक जेवत असतात, ऐकत नसतात हे खरे. पण तीन तास सलग वाजवण्याचा दम तिथेच येतो, आणि तोही रात्रपाळीला धक्का न लावता.

नियुक्तिपत्र मात्र आधी नीट वाचा. १९५५ च्या श्रमिक पत्रकार कायद्याने पत्रकारिता हा ज्याचा ‘प्रमुख’ व्यवसाय आहे, त्याला श्रमिक पत्रकार मानले. तो एकमेव व्यवसाय असावा, अशी अट त्या व्याख्येत नव्हती. त्याच कायद्याने सलग चार आठवड्यांत १४४ तासांची कमाल मर्यादाही घातली होती, जिची आठवण डेस्कवर सहसा कोणी करून देत नाही. परंतु बहुतेक वृत्तपत्रांच्या नियुक्तिपत्रात लेखी परवानगीवाचून दुसरे अर्थार्जन करू नये, असे कलम असते आणि व्यवहारात तेच आड येते. परवानगी मागताना ‘छंद’ असे लिहू नये. मानधन मिळणार असेल, तर तसे स्पष्ट लिहावे. पुढे कोणी तक्रार केलीच, तर तो कागद तुमच्या बाजूने बोलेल.

प्रश्न : मी मुक्त पत्रकार आहे, संगीत कार्यक्रमांची परीक्षणे लिहितो आणि स्वतः पियानोही वाजवतो. आमच्याकडे वादक मोजकेच, त्यामुळे आज ज्याच्याबरोबर वाजवले, उद्या त्याच्याच कार्यक्रमावर लिहिण्याची वेळ येते. लिहावे का?
— एक वाचक, पणजी

उत्तर : परीक्षण लिहू नये. शेवटी ‘लेखक या वादकांबरोबर वाजवतो’ अशी ओळ जोडली तरीही नाही, कारण त्या ओळीने वाचकाला सावध केले, तरी तुमची लेखणी मोकळी होत नाही. फेदर यांच्यावर हा आक्षेप सतत येत राहिला. ते ज्यांच्यावर लिहीत, त्यांतल्या काहींनी त्यांचीच गाणी गायली-वाजवली होती. गंमत अशी की नाव न सांगता ध्वनिमुद्रिका ऐकवून वादकांची मते नोंदवणारे प्रसिद्ध सदर याच फेदर यांनी १९४६ मध्ये ‘मेट्रोनोम’ मासिकात सुरू केले होते. नाव कळले की कान पक्षपाती होतो, हे त्यांना चांगलेच ठाऊक होते.

परीक्षण सोडून लिहिण्यासारखे तुमच्या आसपास पुष्कळ आहे. टेडी वेदरफोर्ड हे शिकागोहून आशियात आलेले पियानोवादक १९३० च्या दशकात मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजवत होते आणि १९४५ मध्ये कोलकात्यात पटकीने वारले. त्या काळातल्या हॉटेलांच्या वाद्यवृंदांत गोव्याचे वादक होते. पुढे त्यांच्यातलेच अनेक जण हिंदी चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणांत गेले. चिक चॉकलेट या नावाने ओळखले जाणारे ट्रम्पेटवादक संगीतकार सी. रामचंद्र यांच्याबरोबर काम करत होते. त्यांच्या, म्हणजे पुणतांब्याच्या रामचंद्र चितळकरांच्या, चालींत जॅझचा तो ठसका कसा आला, हे स्वरलिपी वाचू शकणाऱ्या आणि पियानोवर कॉर्ड (एकत्र वाजवायचे स्वरसमूह) तपासून पाहू शकणाऱ्या पत्रकाराने लिहिले, तर ते नुसत्या स्मरणरंजनापेक्षा फार वेगळे होईल. तिथे तुमचे हितसंबंध आड येत नाहीत आणि तुमचे वादन कामी येते. हयात सहकाऱ्यांची मुलाखत घ्यायला हरकत नाही, मात्र तिच्यात त्यांच्या वादनाची प्रतवारी करू नका.

प्रश्न : मी वार्ताहर आहे, मूळचा हार्मोनियमवादक. दिवसाकाठी अर्धा तासच रियाजाला मिळतो आणि डावा हात अजिबात चालत नाही. काय करावे?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : तुमचा डावा हात आजवर भाता मारत आला आहे, त्याला स्वर ठाऊकच नाहीत. म्हणून काही महिने तरी अर्ध्या तासातली पहिली वीस मिनिटे त्यालाच द्या. डी मायनर सेव्हन या कॉर्डसाठी डाव्या हातात एफ, ए, सी, ई धरा. जी सेव्हनवर जाताना फक्त सी खाली सरकून बी होतो, बाकीची तीन बोटे जागची हलत नाहीत. मग सी मेजर सेव्हनसाठी ई, जी, बी, डी. मूळ स्वर यात मुद्दामच नाही, तो डबल बासवाल्याचा. हीच चाल एका आठवड्यात एका पट्टीत, अशी बाराही पट्ट्यांत फिरवा. मेट्रोनोमचा (लय धरून ठोके देणाऱ्या यंत्राचा) ठोका चार मात्रांपैकी दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर पडतो, असे धरून वाजवा. समेवर वजन देण्याची सवय असल्याने सुरुवातीला चुकल्यासारखे वाटेल, वाटू द्या. उरलेली दहा मिनिटे एकाच वादकाच्या एकाच कोरसचे (चालीच्या एका पूर्ण आवर्तनाचे) चार बार, म्हणजे चार-चार मात्रांचे तुकडे, कानाने उतरवण्यात घालवा, आणि उजव्या हाताने वाजवण्याआधी ते गाऊन पाहा. शेजाऱ्यांची झोपमोड होऊ नये म्हणून ८८ पट्ट्यांचा, वजनदार पट्ट्यांचा डिजिटल पियानो हेडफोन लावून वापरा. मात्र महिन्यातून एकदा तरी खऱ्या पियानोवर बसा. बातमी द्यायची घाई डोक्यात घेऊन रियाजाला बसू नका. आधी बातमी पाठवून द्या.