ऋण आयन ओळखणारे रासायनिक संवेदक कसे बनवतात आणि कसे वापरतात?

फ्लोराइड, फॉस्फेट यांसारखे ऋण आयन, म्हणजे ऋण विद्युतभार असलेले कण, ओळखणारे रासायनिक संवेदक कसे घडवतात आणि ते प्रत्यक्षात कसे वापरतात, असे आपण विचारले आहे. यातली खरी अडचण पाण्याची आहे. लहान ऋण आयनाभोवती पाण्याचे रेणू इतके घट्ट बसलेले असतात की त्यांना बाजूला सारून त्या आयनाला धरणारा रेणू तयार करणे हेच सर्वांत अवघड काम ठरते.

बहुतेक संवेदकांत आयनाला धरणारा ग्राही आणि त्याला जोडलेला रंगीत किंवा प्रतिदीप्त (प्रकाश पडताच स्वतः चमकणारा) अणूंचा गट असतो. ग्राही म्हणून युरिया, थायोयुरिया, कॅलिक्सपायरोल यांसारखी सेंद्रिय संयुगे वापरतात. त्यांच्या नायट्रोजनवरचे हायड्रोजन आयनाशी बंध साधतात, त्यामुळे जोडलेल्या गटातील इलेक्ट्रॉनांची मांडणी बदलते आणि रंग पालटतो. मात्र असे पुष्कळ संवेदक ॲसिटोनायट्राइल या सेंद्रिय द्रावकातच, तेही पाण्याचा अंश नसताना, तपासले जातात. तेथे फ्लोराइड हा प्रबळ आम्लारी असतो आणि ग्राहीत बसण्याऐवजी अनेकदा ग्राहीचाच प्रोटॉन काढून घेतो. म्हणून फ्लोराइडऐवजी टेट्राब्युटिलअमोनियम हायड्रॉक्साइड हा फ्लोराइड नसलेला प्रबळ आम्लारी घालून अवश्य पाहावे. तोच रंग आला, तर तो बदल फ्लोराइडची खास ओळख मानता येत नाही. पिण्याचे पाणी तपासायचे असेल, तर पाण्यात न चालणारा संवेदक माझ्या मते अपुराच आहे.

त्या कामासाठी मी १९६६ साली फ्रँट आणि रॉस या संशोधकांनी मांडलेला फ्लोराइड इलेक्ट्रोडच सुचवेन. त्यात युरोपियम मिसळलेला लँथॅनम फ्लोराइडचा स्फटिक असतो आणि त्यातून फ्लोराइड आयनच सरकू शकतात. जवळपास तेवढ्याच आकाराचा हायड्रॉक्साइड मात्र अडथळा आणतो, म्हणून नमुन्यात बफर (सामू स्थिर ठेवणारे द्रावण) मिसळून सामू ५ ते ५.५ ठेवतात. सामू याहून फार उतरला, तर फ्लोराइड हायड्रोजनशी जोडला जाऊन मोजणीतून निसटतो. ॲल्युमिनियम आणि लोह यांनी पकडलेला फ्लोराइड सोडवण्यासाठी याच बफरमध्ये धातूंना बांधणारे संयुगही घालतात.

फ्लोराइडचे प्रमाण दहापट झाले की २५ अंश सेल्सिअसला इलेक्ट्रोडवर मोजला जाणारा विद्युत विभव सुमारे ५९ मिलिव्होल्टने बदलतो. त्यामुळे एका मिलिव्होल्टची चूकही प्रमाणात सुमारे ४ टक्क्यांची चूक करते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक मूल्याजवळ, म्हणजे लिटरला १.५ मिलिग्रॅमच्या आसपास मोजायचे असेल, तर त्याहून कमी आणि जास्त अशी दोन्ही बाजूंची प्रमाणित (फ्लोराइडचे प्रमाण आधीच माहीत असलेली) द्रावणे तोच बफर घालून, नमुन्याच्याच तापमानाला आधी मोजून घ्यावीत.