ऐकल्या ऐकल्या मन प्रसन्न करणारं गाणं नेमकं कशामुळे तसं होतं?

तुम्ही लिहिलंय की एक चाल बांधली आहे, स्वर सगळे शुद्ध घेतलेत, लय जलद ठेवलीय, शब्दांत पहाट, पाखरं, मोकळी वाट असं सगळं उजेडाचं आहे. तरी ऐकणारे "छान आहे" म्हणतात आणि गप्प बसतात. चाल मी ऐकलेली नाही, त्यामुळे तिच्यावर बोलत नाही. पण मी नागपुरात एका भजन मंडळात पेटी वाजवतो, लग्नसराईत ऑर्केस्ट्रात कीबोर्डवर असतो, आणि समोर बसलेल्यांचे चेहरे कुठल्या क्षणी उजळतात ते बघायची मला सवय आहे. त्यावरून माझं मत असं झालंय की ऐकणाऱ्याला गाण्यात काही करायला उरतं का, हे आधी बघावं. सूर, ताल, शब्द सगळं त्यानंतर.

आमच्या विदर्भात तुकडोजी महाराजांमुळे (1909-1968) खंजिरी भजन गावोगावी पोचलं. त्यात पुढचा गायक ओळ टाकतो आणि मागचे ती उचलतात, एवढीच रचना. पण नीट बघितलं तर ओळ संपताना तो शेवटचा शब्द पूर्ण म्हणतच नाही. अर्ध्यावर सोडतो, खंजिरी खांद्याच्या वर जाते, झांजा एकदा खळकन वाजतात, आणि तो उरलेला शब्द पूर्ण मंडप म्हणतो. आलेल्या बाया, दाराशी उभी असलेली पोरं, सगळे. ठाय म्हणजे संथ लयीत सुरू झालेलं भजन दुगुणीत, म्हणजे दुप्पट वेगात, जातं तोवर कोण गाणारे आणि कोण ऐकणारे हे वेगळं काढता येत नाही. मंडळातले एक जुने काका नव्या मुलांना नेहमी सांगतात, "सारं तूच म्हणशीन त मंग लोकं काय करतीन? त्याईले म्हणू दे न बाप्पा!" चाल बांधण्याबद्दल मला याहून मोठा धडा कुठे मिळालेला नाही.

आता यातलं दुसरं अंग. पुढे काय येणार हे ऐकणाऱ्याला कळलेलं असतं आणि तरी ते क्षणभर लांबवलं जातं. तिहाई घ्या. एकच तुकडा तीनदा वाजतो. दुसऱ्या वेळीच कळतं की तिसऱ्याचा शेवट समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, पडणार, आणि तो पडेपर्यंत माना थांबून राहतात. अंतरा, म्हणजे कडवं, तार षड्जाला म्हणजे वरच्या 'सा'ला जाऊन खाली उतरतो, पंचमावर म्हणजे 'प'वर किंचित रेंगाळतो आणि मुखडा, म्हणजे ध्रुवपदाची ओळ, परत येतो, तेव्हाही हेच होतं. मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातल्या संशोधकांनी 2011 साली हे मेंदूच्या पातळीवर मोजलं. लोकांना त्यांच्याच आवडीचं, अंगावर रोमांच आणणारं संगीत ऐकवलं. आनंदाशी जोडलेलं डोपामीन हे रसायन ऐन उत्कर्षाच्या क्षणी तर स्रवलंच, पण त्याच्या आधी, नुसती वाट बघतानाही मेंदूच्या दुसऱ्या एका भागात स्रवलं. म्हणजे वाट बघणं हाही आनंदाचाच भाग. तुमचा अंतरा संपल्या संपल्या मुखडा लगेच येत असेल तर ती वाट बघायला तुम्ही वेळच दिलेला नाही. एक मात्रा रिकामी सोडून बघा.

लयीबद्दल थोडक्यात. मिनिटाला 110 ते 120 ठोके म्हणजे माणसाची झपाझप चालण्याची गती. पाय आपोआप हलतो तो तिथे. त्याहून जलद केलं की उत्साह वाढतो असं नाही, बरेचदा नुसती घाई वाढते. ठेका अगदी सरळ ठेवला तरी कान लवकर कंटाळतो. ड्रमच्या ठेक्यांवर केलेला एक अभ्यास 2014 साली प्रसिद्ध झाला, त्यात फार सरळ आणि फार गुंतागुंतीचे ठेके मागे पडले. मधल्या गुंतागुंतीच्या, म्हणजे ठोका अधूनमधून अपेक्षित जागेवरून सरकणाऱ्या ठेक्यांवर लोकांना सर्वांत जास्त नाचावंसं वाटलं. आपला चांगला ढोलकीवाला केहरव्याच्या आठ मात्रांत नेमकं हेच करतो. धा जागेवर ठेवतो आणि मधले बोल खेळवतो. मशीनचा केहरवा आणि माणसाचा केहरवा यांत मला तरी एवढाच फरक ऐकू येतो, आणि तो फार मोठा आहे.

शुद्ध स्वरांबद्दल मात्र तुमच्याशी मतभेद. भूप प्रसन्न वाटतो हे खरं. त्यात सा रे ग प ध हे पाचच स्वर, अर्ध्या स्वराच्या अंतराने एकमेकांना चिकटलेले दोन स्वर कुठेच नाहीत, त्यामुळे नवखा गळाही अडखळत नाही. पण भैरवीत रे, ग, ध, नि चारही कोमल, म्हणजे शुद्ध स्वरापेक्षा थोडे उतरलेले, आणि मैफल संपवायला आपण तीच गातो. लोक भरल्या मनाने घरी जातात, पण खचून कुणी जात नाही. तेव्हा कोमल स्वर आला म्हणजे गाणं उदास झालं, हा हिशोब सोडून द्या.

शब्दांबाबत तर मी जास्तच ठाम आहे. 14 ऑक्टोबर 1956 ला बाबासाहेबांनी इथे धम्मदीक्षा घेतली, आणि दरवर्षी धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीकडे येणाऱ्या रस्त्यांवर भीमगीतं चालू असतात. ती ऐका. कितीतरी गाण्यांत आधी पाणवठा येतो, गावकुसाबाहेरची वस्ती येते, अपमान येतो. मग बाबासाहेबांचं नाव येतं आणि चाल वर उसळते. पांढऱ्या साडीतली एखादी म्हातारी, रात्रभर प्रवास करून आलेली, पिशवी खांद्यावर तशीच ठेवून टाळ्या वाजवत ते गाणं म्हणते, तेव्हा जी उभारी दिसते ती नुसत्या फुलापाखरांच्या गाण्याने यायची नाही. उचलायला आधी काहीतरी वजन लागतं. तुमच्या गाण्यात पहिल्या ओळीपासून पहाटच आहे, मग ऐकणारा कुठल्या अंधारातून तिथे पोचणार? पहिल्या अंतऱ्यात रात्रीची एक ओळ येऊ द्या. खरी, तुमच्या माहितीतली रात्र.

आठवणींचाही भाग असतोच, कॉलेजच्या दिवसांतलं गाणं कसंही असलं तरी गोड लागतं. पण ते नव्या गाण्याला मिळत नाही, त्यामुळे त्याचा विचार करून उपयोग नाही.

एक कामाची गोष्ट, जिच्याकडे नव्या संगीतकारांचं हमखास दुर्लक्ष होतं. मुखडा सामान्य गळ्याला झेपला पाहिजे. गायकाला सव्वा-दीड सप्तक सहज असतं, हॉलमधल्या माणसाला नसतं. मुखडा सहा-सात स्वरांत बसवा, उंची अंतऱ्यात दाखवा. आणि मुखड्यातल्या सर्वांत वरच्या स्वरावर 'आ' किंवा 'ओ' येईल असा शब्द ठेवा. 'ई'वर साधा गळा आवळला जातो आणि माणूस लाजून थांबतो. शेवटच्या मुखड्याला पट्टी अर्धा स्वर चढवायची युक्ती ऑर्केस्ट्रात आम्ही सर्रास वापरतो, ती चालतेही, पण आधी लोक गात असतील तरच.

चाल तपासायची असेल तर चार-पाच ओळखीच्या माणसांना बसवा आणि पेटीवर स्वतः गा. दुसऱ्यांदा मुखडा येईल तेव्हा अर्ध्या ओळीत तोंड बंद करा, पेटी चालू ठेवा. कुणी ओळ पुढे नेली, नुसती गुणगुणली तरी, तर मुखड्याला हात लावू नका, बाकीचं दुरुस्त होईल. कुणीच नेली नाही तर आधी मुखडा बदला. ताल, वाद्यं, रेकॉर्डिंग हे सगळं त्यानंतर बघू.