खानेसुमारीत खाणं कुठून आलं?

नागपूरच्या धरमपेठेतल्या एका शिक्षिकेचं पत्र आलंय. बारावीला भूगोलातला लोकसंख्येचा धडा शिकवताना वर्गातल्या एकाने विचारलं, 'बाई, खानेसुमारी म्हणजे खाणाऱ्या तोंडांची मोजणी ना?' वर्ग हसला. बाईही हसल्या, पण घरी आल्यावर शंका आली. खानेसुमारी, शिरगणती, जनगणना यांत फरक काय, आणि 'मनुष्यबळ' बरोबर की 'मानव संसाधन', असं त्यांनी विचारलंय.

आधी माझं दुखणं सांगतो. परवा सीताबर्डीवर एका व्याख्यानात वक्ते तीनदा म्हणाले, 'आपल्या देशाची बेसुमार लोकसंख्या'. अहो, लोकसंख्या ही संख्या आहे. मोजल्याशिवाय संख्या होत नाही, आणि बेसुमार म्हणजे ज्याची मोजदाद लागत नाही ते. दिवाळीच्या आदल्या दिवशी इतवारीत गर्दी बेसुमार असते, कबूल. पण २०११ साली घरोघर फिरून मोजलेले १२१ कोटी बेसुमार कसे? अफाट म्हणा, प्रचंड म्हणा. आता २०२१ ची जनगणना झालीच नाही आणि नवीचा संदर्भदिवस १ मार्च २०२७ ठरलाय. म्हणजे मधली वर्षं आपण शब्दशः बेसुमार आहोत, असा बचाव वक्त्यांना करता आला असता. पण त्यांच्या मनात तसं काही नव्हतं. मी विचारून घेतलं.

तर खानेसुमारी. यातला 'खाना' फारसी. दवाखाना, कारखाना, तोफखाना यांतला. खाना म्हणजे घर, जागा. 'शुमारी' म्हणजे मोजणी. घरांची मोजणी ती खानेसुमारी. 'न' आहे, 'ण' नाही, एवढ्यावर पोराचं समाधान होईल. उर्दूत याच कामाला मर्दुमशुमारी म्हणतात. मर्दुम म्हणजे माणसं. त्यांनी माणसं मोजली, आपण घरं मोजली. इराणात आज चालतो तो शब्द सरशुमारी, म्हणजे डोकी मोजणं.

इथे थांबा. डोकी मोजणं म्हणजे मराठीत काय? शिरगणती! सावरकरांच्या भाषाशुद्धीच्या यादीत खानेसुमारी हटवून शिरगणती घातलेली आहे. फारसी शब्द बाहेर काढला आणि जो आणला तो नेमका इराणी साच्यातला निघाला. त्यात फारसीतलं 'सर' आणि संस्कृतातलं 'शिरस्' हे मुळात एकच. आमच्या सकाळच्या फिरण्याच्या मंडळातले एक निवृत्त मुख्याध्यापक यावर माझ्याशी आठवडाभर बोलले नाहीत.

पण खरी मेजवानी 'सुमार'मध्ये आहे. याच मुख्याध्यापकांनी एकदा 'सु' अधिक 'मार' अशी फोड करून दाखवली होती, ती विसरा. फारसी 'शुमार'चं मध्य फारसीतलं रूप 'ओश्मार'. त्यातला 'ओ' हा झिजलेला उपसर्ग. उरतो 'श्मार'. आता हे मोठ्याने म्हणा आणि शेजारी संस्कृतातला 'स्मर' ठेवा. तोच धातू! इराणी शाखेत 'स'चा एरवी 'ह' होतो, सप्तचा हफ्त होतो तसा. इथे उपसर्गाच्या आड लपल्यामुळे तो 'श' होऊन वाचला. सुमार आणि स्मरण ही सख्खी भावंडं आहेत. मोजणं म्हणजे एकेक आठवून सांगणं. संस्कृतातून फारसी निघाली असं मी म्हणत नाही (लगेच टाळ्या वाजवणाऱ्यांनी हात खाली घ्यावेत), दोघी एका आईच्या.

मग 'सुमार दर्जाचा' हा सुमार कुठला? कोशवाले अंदाज, बेत, मर्यादा अशा पायऱ्या चढत 'बेताचा'पर्यंत पोचतात. असेल. माझं मत वेगळं आहे. ज्याला नावाने कोणी ओळखत नाही, जो नुसता मोजणीतला एक आकडा, तो सुमार. पुरावा मागू नका, पण कोणत्याही कार्यालयातली हजेरीवही बघा.

आता त्या पोराच्या बाजूने एक गोष्ट सांगायलाच हवी. जनगणना दोन टप्प्यांत होते. आधी घरयादी, मग माणसं. पहिला टप्पा म्हणजे अक्षरशः खानेसुमारी. २०११ च्या वेळी सुमारे ३३ कोटी घरं नोंदली गेली, त्यात दुकानं, देवळं, कुलूप लावलेली घरं सगळं आलं. कुटुंबं मात्र २४ कोटी ६७ लाख. आणि कुटुंब कशाला म्हणायचं? जे एकत्र राहतात आणि एकाच स्वयंपाकघरातलं जेवतात ते. म्हणजे सरकार चूल मोजतं! महाल भागातल्या आमच्या वाड्यात प्रगणक आले तेव्हा आजीने सांगितलं, 'घर एक, चुली तीन.' मोठ्या काकूंनी स्वयंपाक वेगळा काढल्याची बातमी गल्लीला तेव्हाच कळली. चौकटीवर गेरूने घातलेला आकडा पुढे तीन दिवाळ्यांचा रंग चढूनही दिसायचा. तेव्हा 'खाणं' व्युत्पत्तीत नाही, पण व्याख्येत आहे. पोराला अर्धा गुण द्या.

जनगणना हा सरकारी शब्द, लिहिताना तोच वापरा. नागपुरात हिंदीच्या शेजारामुळे 'जनसंख्या'ही मराठीत घुसली आहे, ती मात्र नको, आपली लोकसंख्या बरी आहे.

मनुष्यबळाचं राहिलंच. दिल्लीत १९८५ साली शिक्षण खात्याचं मानव संसाधन विकास मंत्रालय झालं, २०२० मध्ये ते पुन्हा शिक्षण झालं. मधल्या काळात मराठी वर्तमानपत्रांनी त्याला बिनदिक्कत 'मनुष्यबळ विकास' म्हटलं आणि कोणाचं अडलं नाही. तेच म्हणा. संसाधन म्हटलं की कोळसा, मँगनीज यांच्या रांगेत माणूस बसतो, आणि ही दोन्ही आमच्या जिल्ह्यात जमिनीखालून काढतात.